कंडक्टरबाईचा शुक्रवारचा राग

सोमवार, ११ मार्च २०२४. कारंजा.
नळ पहाटे आला, धार बारीक. सकाळी गणेश धनजहून गाडी घेऊन आला. उतरवलेलं सामान परत चढवून गेला. दुपारी ललिताबाई आल्या, चहा न घेता गेल्या. असं आजवर झालेलं नाही. राखी ड्युटीवर वेळेत गेली. संध्याकाळी चांद दिसला. नमरानं कुंपणावरून सांगितलं, उद्यापासून रोजे, महिनाभर ड्रम बंद.

माझी रोजनिशी इतकीच असते. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलं होतं की रोजनिशीत घडलेलं लिहावं, वाटलेलं लिहू नये. वाटलेलं कन्फेशनला सांगावं. मी हिंदू घरातली असल्यामुळे मला कन्फेशनची सोय नव्हती, म्हणून वाटलेलं सगळं तसंच साठत गेलं. त्यातलं थोडं आज इथे काढून ठेवते. विषय माझी भाडेकरू राखी हिचा आहे.

आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, गेल्यावर मागच्या अंगणातला त्यांचा दवाखाना रिकामा पडला होता. त्या खोलीत राखी राहायला आली त्याला आता काही वर्षं झाली. एसटीत कंडक्टर आहे. वय बत्तीस, अंगानं किरकोळ, आणि गळा असा की कारंजा स्टँडवर तिनं अमरावतीची गाडी पुकारली तर यवतमाळच्या गाडीत बसलेली माणसंही उतरून विचारायला येतात.

हा गळा आईकडून आलेला. तिची आई तुळसाबाई धनजला असते. आमच्या वऱ्हाडात लग्नाची पंगत बसली की बाया याह्यांना, म्हणजे व्याह्यांना, गाण्यातून शिव्या देतात. नवरदेवाच्या काकाचं पोट, मामाचा कंजूषपणा, आत्याचे दात, सगळं नाव घेऊन, टाळ्यांच्या ठेक्यावर. नियम एकच. ज्याचं नाव आलं त्यानं चिडायचं नाही. हसत उठायचं, गाणारणीवरून नोट ओवाळायची आणि पुन्हा जेवायला बसायचं. चिडला तो हलका माणूस. तुळसाबाईंना या कामासाठी लांबलांबच्या गावांहून बोलावणं येई. घरात मात्र त्यांचा आवाज कुणी ऐकला नाही. त्यांचे यजमान जगदेवराव कौतुकानं सांगत, आमची बायको लय शांत.

राखीला मानोऱ्याकडे दिलं होतं. नवरा वाईट नव्हता, असं तीच म्हणते. फक्त त्याला तिचा आवाज नको होता. भाजी काय करू विचारलं तरी म्हणायचा, हळू बोल, शेजारी ऐकतात. दोन वर्षं हळू बोलून झाल्यावर एक दिवस ती मोठ्यानं बोलली आणि धनजला परत आली. भावानं, गणेशनं, बहिणीला टाकलं नाही. ओसरीवर सोयाबीनच्या पोत्यांशेजारी खाट टाकून दिली. सोयाबीनला भाव आला की पोती हलायची, राखी मात्र तिथेच. मग तिनं एसटीची परीक्षा दिली. ज्या गळ्यानं संसार मोडला त्याच गळ्याला सरकारी बिल्ला मिळाला.

बायकांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून तिची ड्युटी जास्त बोलकी झाली आहे. पुरुष उतारू रोज तक्रार करतात की आता गाडीत बायाच बाया, माणसानं बसायचं कुठं. एकदा एक गृहस्थ बायकांच्या राखीव सीटवर पाय पसरून बसले होते. राखी त्यांना म्हणाली, "उठा काका. हे सीट बाईचं हाय. तुमी बाई असान त बसून राहा, मी अर्धं तिकीट फाडतो." गृहस्थ उठले. अशी राखी. दिवसभर गाडीभर माणसांना पुढं-मागं सरकवायची आणि संध्याकाळी माझ्या पायरीवर बसून मुकाट्यानं तांदूळ निवडायची. आणि भावाचा फोन आला की हीच राखी "हाव", "बघू", "बरं" याच्या पुढे जायची नाही. एसटीचा बिल्ला माहेरी चालत नाही.

आता नमरा. कुंपणापलीकडचं घर गुलाम नबी यांचं. एके काळी त्यांच्या बँडपार्टीशिवाय कारंज्यात वरात निघत नसे. पुढे डीजे आला आणि लाल कोट, बिगुल, ढोल सगळं पत्र्याच्या खोलीत जाऊन पडलं. नमरा त्यांची नात, कॉलेजात जाते. तिनं ते ढोल आणि झांजा बाहेर काढल्या, विटांवर आणि स्टुलावर रचल्या आणि त्याला ड्रम म्हणायला लागली. तिची आई मेहरबी रोज म्हणते, हे सामान भंगारात घाला. आजोबा म्हणतात, बेटा, ठेका चुकतोय, परत घे. मुलींना अडवण्याची ही पद्धत मला जगातली सर्वांत कमजोर वाटते.

एका दुपारी नमरानं आम्हा दोघींना मोबाईलवर गोऱ्या बायांचं रॉक संगीत दाखवलं. केस विस्कटलेले, गिटार गुडघ्यापर्यंत लोंबणारी, आणि तोंड उघडून नुसतं ओरडणं. नमरानं समजावून सांगितलं की दादी, हा बायांचा राग आहे, तिकडे याच्या सभा भरतात, पुस्तकं निघतात, यातून चळवळ झाली. मी लक्ष देऊन ऐकलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकूनही शब्द कळले नाहीत. सूर मात्र ओळखीचा वाटला. आमच्या गल्लीत पाणी आठवडाभर आलं नाही की नळावर तोच लागतो, फक्त तिथे गिटार नसते आणि पुस्तकही निघत नाही.

नमरानं आणखी एक गोष्ट सांगितली. तिकडे कार्यक्रमात गाणारी बाई आधी म्हणायची, पोरींनो पुढं या, पोरांनो मागं जा. राखी तांदूळ निवडायची थांबली. म्हणाली, "हे त मी रोज करतो. याले गानं म्हनतात काय?"

तिथून सुरुवात झाली. डेपोतल्या एका ड्रायव्हरचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला होता, त्याची गिटार धूळ खात होती. राखी ती घेऊन आली. तिला तीन सूर वाजवता येऊ लागले आणि चौथा शिकायची गरज तिला वाटली नाही. नमरा म्हणाली की रॉकला तेवढे पुरतात. मागच्या खोलीत, जिथं डॉक्टर लोकांना मोठा श्वास घ्या म्हणायचे, तिथं या दोघी ओरडू लागल्या. जोडीचं नाव त्यांनी ठेवलं, कावल्या. वऱ्हाडात जी वैतागून पेटते ती कावली.

कावायला कारण होतं. जगदेवराव गेल्या पावसाळ्यात वारले. दिवस झाल्यावर गणेशनं बहिणीकडे हक्कसोडाचा विषय काढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बापाच्या जमिनीत बहिणीचा वाटा असतो, हे कायदा म्हणतो. बहिणीनं तो वाटा भावाला सोडून द्यायचा, हे रीत म्हणते. कचेरीत जाऊन सही करायची. भाऊ साडी घेतो, कचेरीबाहेर पेढे वाटतात, बहीण रडते, आणि सगळे म्हणतात, माहेर टिकलं. सही न करणारीचं माहेर तुटतं असं लोक सांगतात, जणू माहेर वाऱ्यानं तुटतं. तोडणारा भाऊच असतो, पण ते कुणी बोलत नाही.

गणेशनं कचेरीतला दिवस ठरवला होता. महाशिवरात्रीनंतरचा सोमवार. राखी त्याला फोनवर "बघू" म्हणाली होती. मी तिला विचारलं, सही करायची आहे का. म्हणाली, नाही. मग तसं सांगत का नाहीस. ती गिटारीच्या तारा पुसत राहिली आणि म्हणाली, "आजी, त्याच्यापुढं माहा आवाजच निंघत नाही. गान्यात निंघते. त्यानं एकडाव गानं आयकलं न, त मले बोला नाही लागनार."

तिचा सगळा बेत हा होता. नाही म्हणायचं ते गाण्यातून म्हणायचं, आणि ते त्यानं सोमवारच्या आत ऐकायचं.

संधी चालून आली ती आमच्या महिला मंडळाकडून. या मंडळाची मी जुनी सभासद आहे, कारण माझ्याकडे दवाखान्याच्या घडीच्या खुर्च्या आहेत. मंडळ सुरू झालं तेव्हा बायांनी दारूच्या दुकानापुढे ठाण मांडलं होतं आणि पुण्या-नागपूरहून स्त्रीमुक्तीच्या कार्यकर्त्या येऊन आमच्या ओसरीवर उकिडव्या बसून भाकरी खाऊन गेल्या होत्या. आता दारूचं दुकान चौकात आहे आणि मंडळ त्याच्या वरच्या मजल्यावर झुंबा करतं. अध्यक्ष ललिताबाई. यजमानांची कापसाची जिनिंग आहे. बाई मनानं मोकळ्या, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र, बोलण्यात सबलीकरण. यंदा महिला दिन आणि महाशिवरात्र एकाच दिवशी आल्यानं त्यांना दुहेरी पुण्याचा योग वाटत होता. हळदीकुंकू नेहमीचं झालं, यंदा काहीतरी जहाल पाहिजे, असं त्या म्हणाल्या. मागच्या खोलीतला आवाज त्यांच्या कानावर गेलेला होताच.

गाणं ऐकायला कार्यकारिणी माझ्याकडे आली. राखीनं गायलं, नमरानं वाजवलं, माझ्या कपाटातल्या बरण्या हलल्या. बायांना आवडलं, पण दुरुस्त्या होत्या. एकीचं म्हणणं, सासू हा शब्द काढा, सासूबाई पहिल्या रांगेत असतात. दुसरीचं म्हणणं, वावर हा शब्द फार खेड्यातला वाटतो. ललिताबाईंचं म्हणणं सर्वांत विचारपूर्वक होतं. राग दिसला पाहिजे, पण कुणाला लागला नाही पाहिजे. त्यांनी सुचवलं की भाऊ काढून तिथं समाज घालावा. भाऊ म्हटलं की एक माणूस समोर येतो. समाज म्हटलं की कुणीच येत नाही, आणि टाळ्या सगळे वाजवतात. नमरानं ड्रमच्या काड्या मांडीवर ठेवून विचारलं की समाजाला शिवी दिली तर ती घरी कोण नेणार. तिला उसळ वाढण्याच्या कामाला पाठवण्यात आलं.

राखी दुरुस्त्यांना "बघू" म्हणाली. मला ते "बघू" ओळखीचं होतं. ललिताबाईंना नव्हतं.

आठ तारखेला संध्याकाळी गावातल्या सभागृहात कार्यक्रम झाला. फलकावर कावल्या हे नाव शोभणार नाही म्हणून 'नारीशक्ती सुगम संगीत' असं छापलेलं. जागतिक महिला दिनाचे प्रमुख पाहुणे उकंडराव, इथले जुने पुढारी. स्टेजसमोरच्या सोफ्यावर ते आणि आणखी सहा-सात पुरुष. त्यांच्यामागे माझ्या खुर्च्यांवर पदाधिकारी, आणि अगदी मागे सतरंजीवर उरलेल्या बाया. उकंडरावांनी भाषणात सांगितलं की त्यांनी पत्नीला संपूर्ण स्वातंत्र्य दिलेलं आहे. पत्नी मात्र येऊ शकल्या नाहीत, घरी सर्वांच्या उपासाचं तळण चालू होतं.

गणेश आला होता. तुळसाबाईंना लेकीचं गाणं पाहायचं होतं म्हणून तो त्यांना घेऊन आला. दाराजवळ उभा होता, पांढरा शर्ट, कपाळावर महादेवाचं भस्म. सोमवारच्या कामामुळे खुशीत दिसत होता.

राखी स्टेजवर आली ती खाकी गणवेशात. ड्युटीवरून थेट आली होती. माईक हातात घेतला, सभागृहावर एकदा नजर फिरवली आणि स्टँडवरच्या आवाजात म्हणाली, "सोफ्यावरचे मानसं मागं सरका. सतरंजीवरच्या बाया पुढं या. चला, लवकर, गाडी सोडाची हाय."

आणि माणसं उठली. उकंडराव आधी उठले. विचार करायला कुणाला वेळच मिळाला नाही. इतकी वर्षं एसटीत बसलेलं शरीर कंडक्टरचं ऐकतं. सतरंजीवरच्या बाया सोफ्यावर येऊन टेकल्या आणि स्प्रिंग दाबून पाहू लागल्या. ललिताबाईंनी माझा हात धरला. मला वाटलं, झालं, चळवळ पुढे सरकली.

मग गाणं सुरू झालं. समाज कुठेच नव्हता.

बापाच्या वावरात तुरीले शेंगा,
भाऊ म्हने बाई, लाव इथं अंगठा.
एका लुगड्यात बांधलं वावर,
गनेशा, तुले लाज नाही का?
लाज नाही का रे, लाज नाही का?

गिटार कर्कश वाजत होती, नमरा ढोल फोडायला निघाली होती, आणि राखीच्या मानेच्या शिरा माझ्या खुर्चीवरून दिसत होत्या. मला चष्मा काढून पुसावा लागला. पण चूक तिथेच झाली, आणि ती चूक वऱ्हाडातच होऊ शकते. राखीनं राग मोबाईलमधल्या बायांचा घेतला, गळा मात्र आईचा. चालही नकळत पंगतीतलीच आली. नमराचा ठेका आजोबांच्या बँडचा. त्यात नाव घेऊन शिवी. सभागृहाला दुसरं काय वाटणार. दुसऱ्या कडव्याला मागून कुणीतरी हसलं. तिसऱ्याला सोफ्यावरच्या बायांनी ठेका धरला. "लाज नाही का" आल्यावर सगळं सभागृह एका सुरात म्हणू लागलं आणि माना वळवून गणेशकडे पाहू लागलं. शिव्या खायला व्याही सापडला होता.

गणेशचा चेहरा क्षणभर काळवंडला. मग त्याला रीत आठवली. चिडला तो हलका. तो हसला. हात जोडत, लोकांच्या टाळ्या घेत स्टेजपर्यंत आला, खिशातून नोट काढली, गाणाऱ्या बहिणीवरून तीनदा ओवाळली आणि ढोलावर ठेवली. उकंडराव उभे राहून हसत होते. त्यांनीही एक नोट ओवाळली. मग रांग लागली. ललिताबाईंच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं. राखी गात राहिली, कारण थांबणार कशी. ती जितकी ओरडे तितकी मजा वाढे. माझ्या आयुष्यात मी इतका यशस्वी राग पाहिलेला नाही.

आभाराच्या भाषणात ललिताबाई म्हणाल्या की आपल्या लोककलेला आधुनिक साज चढवला. गणेशनं बाहेर सगळ्यांना अभिमानानं सांगितलं, माझी बहीण आहे. जाताना तिच्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "जमलं बाप्पा गानं. सोमवारी तयार राह्य, मी गाडी घेऊन येतो."

सगळ्या सभागृहात एक बाई हसली नव्हती. तुळसाबाई. सोमवारी त्यांचीही सही लागणार होती, म्हणून त्या लेकीकडे राहिल्या. शनिवारी सकाळी आम्ही नळावर हंडे भरत होतो.  राखीनं गिटार रात्रीच पिशवीत घालून खाटेखाली सरकवली होती. तुळसाबाई हंडा खाली ठेवून लेकीजवळ बसल्या आणि आपल्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, म्या जल्मभर गायलं. तुह्या बापाच्या मामाले गायलं, पाटलाले गायलं. जे मनात होतं थेच गायलं. सारे हासले. हासत होते म्हनून त गाऊ देत होते वं."

 राखीचा हंडा भरून वाहत होता आणि तिला ते दिसत नव्हतं, म्हणून मी तोटी फिरवली. नळाला पाणी मुळात कमी येतं.

आज सोमवार. गणेश सकाळी आला. आधी गाडीतून तुरीच्या डाळीचं पोतं उतरवून माझ्या व्हरांड्यात ठेवलं. ही डाळ दर वर्षी येते. घरची तूर, तुळसाबाईंनी स्वतः भरडलेली. राखी त्यातली निम्मी मला देते, त्यामुळे मी अनेक वर्षांत डाळ विकत घेतलेली नाही. मग साडीचा खोका उतरवला. मग मला पेढा दिला, आणि मी तो खाल्ला.

राखी खाकीत बाहेर आली. गणेश म्हणाला, हे काय, साडी नेस, फोटो काढायचे आहेत.

"मी नाही येत," राखी म्हणाली.

गणेश हसला. शुक्रवारची सवय. त्यानं हसत हसत "लाज नाही का" ची ओळही म्हणून दाखवली आणि खोका तिच्यापुढे धरला.

ती मोठ्यानं बोलली नाही. मुद्दाम सांगते, कारण मी चार हातांवर होते आणि मला कान टवकारावे लागले. ती म्हणाली, "दादा, मी सही नाही करत. माहा वाटा मले पायजे. मी गानं नाही म्हनून राह्यली."

ना ठेका, ना चाल, ना नाव. ओवाळायला काहीच नव्हतं. गणेशचा हात खोक्यासकट तसाच राहिला, आणि मग आठवडाभरात पहिल्यांदा त्याला तिचं म्हणणं ऐकू गेलं. शुक्रवारी भर सभेत निर्लज्ज म्हटलेलं ज्याला गोड लागलं होतं, तो या चार साध्या वाक्यांवर असा भडकला की मेहरबी पदर सावरत कुंपणाशी आली. बापाचं नाव, आईची तब्येत, मोडलेलं लग्न, ओसरीवरची खाट, सगळं निघालं. "तुह्यासाठी माहेर मेलं, समज," तो म्हणाला. राखी ऐकत होती. हात तिनं तिकिटाच्या मशीनच्या पट्ट्यात अडकवून ठेवले. पण "बघू" म्हणाली नाही.

मग त्यानं साडीचा खोका गाडीत ठेवला. डाळीचं पोतं उचलून गाडीत ठेवलं. आईला म्हणाला, माय, चाल. तुळसाबाई उठल्या. जाणार दुसरीकडे कुठं. लेकीजवळून जाताना थांबल्या नाहीत, फक्त तिच्या खांद्यावरचा बिल्ला वाकडा झाला होता तो सरळ केला. एका माणसानं डाळ आणि आई एकाच फेरीत परत नेली. पेढ्याकडे त्यानं एकदा पाहिलं असावं, पण खाल्लेला पेढा परत मागण्याची रीत अजून निघालेली नाही.

गाडी सरळ ललिताबाईंकडे गेली असणार, कारण गणेशचा कापूस त्यांच्या जिनिंगला जातो. दुपारी बाई आमच्याकडे हजर. राखी ड्युटीला निघत होती. ललिताबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं, हात हातात घेतला आणि आवाज मऊ केला. असं करू नये. जमीन काय, आज आहे उद्या नाही. भाऊ पुन्हा मिळत नाही. बाईच्या पाठीशी कुणीतरी लागतं.

"ताई," राखी म्हणाली, "शुक्रवारी त तुमीच म्हने का बाईले राग याले पायजे."

"अगं, तो कार्यक्रमात," ललिताबाई म्हणाल्या.

याच्याहून सरळ उत्तर मी मंडळाच्या कुठल्याही बैठकीत ऐकलेलं नाही. त्यांनी आधारासाठी माझ्याकडे पाहिलं. मी वयानं मोठी, शिकलेली, खुर्च्यांची मालकीण. मी चहा ठेवते म्हटलं, आणि सहज विचारलं की त्यांच्या तिन्ही नणंदा कशा आहेत, बरेच दिवसांत दिसल्या नाहीत. एवढंच. कारंज्यात कुणाला सांगायला नको की त्या तिघींनी एकाच मुहूर्तावर सह्या केल्या होत्या आणि तिघींना एकाच रंगाच्या साड्या मिळाल्या होत्या. एक गठ्ठा घेतला की स्वस्त पडतात. त्या तिघींच्या वाट्याच्या जागेवर आज जिनिंगची मागची भिंत आहे. ललिताबाई उठल्या. त्यांना आठवलं की त्यांनी चहा सोडला आहे.

राखी स्टँडवर गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा नमरा तिची वाट पाहत होती, चांद दिसायच्या आत एकदा वाजवून घेऊ म्हणून. राखी म्हणाली, आज नको, गळा बसला आहे. सकाळी भावापुढे तर ती हळूच बोलली होती. मग खाटेखालची पिशवी काढून तिनं गिटार भिंतीला उभी करून ठेवली, आणि नमराला म्हणाली की ईद झाल्यावर नवीन चाल शोधू, जिच्यावर कुणाला टाळी धरता येणार नाही. गुलाम नबी पलीकडून म्हणाले, बेटी, असा ठेका अजून बनला नाही. नमरा म्हणाली, बनवू.

राखी माझ्याकडेच जेवली. वरणाला डब्यात हात घातला तर तळ लागला. आजच्या नोंदीत शेवटी एवढं लिहिलं आहे:

तुरीची डाळ संपली. चौकातल्या किराणा दुकानातून एक किलो आणली. खडे बरेच निघाले. शिजायला वेळ लागला.